पुराव्यानिशी गोष्ट सांगणारा माणूस

९ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईच्या रुग्णालयातून प्रा. हरी नरके यांच्या निधनाची बातमी आली आणि अवघा फुले-आंबेडकरी महाराष्ट्र हळहळला. हृदयविकाराने सरांना आपल्यातून हिरावून नेले. १ जून १९६३ चा त्यांचा जन्म, म्हणजे वय अवघे साठ. संशोधकाच्या आयुष्यात साठी हे पीक हाताशी येण्याचे वय असते. आयुष्यभर जमवलेली टिपणे आता कुठे ग्रंथांत उतरायची असतात. अशा वयात हा माणूस गेला. त्यानंतर पुण्यात आणि गावोगावी शोकसभा झाल्या, श्रद्धांजलीपर लेख छापून आले, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. परंतु सरांच्या जाण्याने नेमके काय गेले, याचा हिशोब चळवळीने अजून मांडलेला नाही. आम्ही तो आमच्या परीने येथे मांडू इच्छितो.

पुणे शहराला इतिहास सांगणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. शनिवारवाड्याच्या कुठल्या दरवाजाने कोण आत गेला, पेशव्यांच्या पंगतीला काय वाढले जाई, कोणत्या सरदाराचा वाडा कोणत्या पेठेत होता, हे रसाळपणे सांगणारे वक्ते या शहरात पिढ्यान् पिढ्या झाले. त्यांच्या व्याख्यानमाला भरतात, त्यांची पुस्तके खपतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु याच शहरात गंज पेठ आहे, भवानी पेठ आहे, मंगळवार पेठ आहे, याच शहरात महारवाडा होता, मांगवाडा होता, आणि तेथेही इतिहास घडत होता. तो इतिहास सांगायला व्यासपीठ नव्हते आणि सांगणाराही क्वचित सापडे. पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यानंतर तीसच वर्षांनी बुधवार पेठेतल्या एका वाड्यात एक माळ्याचा मुलगा मुलींची शाळा काढतो आणि त्याची पत्नी तेथे शिकवायला उभी राहते. ही घटना कुठल्याही लढाईपेक्षा लहान आहे काय? पण शहराच्या अभिमानाच्या यादीत तिला जागा मिळायला शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

हे दुसरे पुणे लोकांसमोर आणणाऱ्यांत नरके सरांचे नाव फार वरचे. पुण्यातल्या गरीब, कष्टकरी घरातून ते वर आले होते. घरात ग्रंथांची कपाटे नव्हती की नावामागे घराण्याचे वलय नव्हते. जे मिळवले ते वाचून, धुंडाळून आणि खेटे घालून मिळवले. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महात्मा फुले अध्यासनाचे ते प्रमुख झाले. राज्य मागासवर्ग आयोगावर त्यांनी काम केले. समता परिषदेच्या व्यासपीठावरून त्यांनी ओबीसींचा प्रश्न गावोगावी नेला. पण सर्वसामान्य माणसाला ते ठाऊक होते ते वक्ते म्हणून. एखाद्या जयंतीच्या मंडपात, लाऊडस्पीकरच्या कर्कश्श आवाजात, पोरांच्या गोंधळात ते उभे राहायचे आणि जोतिरावांची गोष्ट सांगू लागायचे. गोष्ट सांगता सांगता तारीख यायची, ग्रंथाचे नाव यायचे, खंड यायचा, अहवाल यायचा. ऐकणाऱ्याला कळायचे की हा माणूस मनचे काही सांगत नाही, कागद बघून आलेला आहे.

आम्ही वकिली करतो. कोर्टात साक्षीदार दोन प्रकारचे येतात. एक, जे मोठ्या आवाजात बोलतात. दुसरे, जे विचारले तेवढेच सांगतात, पण उलटतपासणीत जागचे हलत नाहीत. नरके सर दुसऱ्या प्रकारातले. आणि म्हणूनच त्यांच्या जाण्याचे दुःख आम्हा वकील मंडळींना जरा अधिक झोंबते.

याची सुरुवात कुठून झाली तेही तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. १९८८-८९ च्या सुमारास ‘सोबत’ साप्ताहिकातून बाळ गांगल यांनी महात्मा फुल्यांवर अत्यंत हीन भाषेत लेखन केले. महाराष्ट्रभर संताप उसळला. मोर्चे निघाले, निषेध झाले. ते होणे साहजिकच होते आणि आवश्यकही होते. परंतु पंचविशीतल्या हरी नरके यांनी त्या संतापाला आणखी एक वाट काढून दिली. त्यांनी गांगलांचे एकेक विधान घेतले आणि ते मूळ कागदपत्रांच्या समोर उभे केले. त्यातून ‘महात्मा फुले यांची बदनामी : एक सत्यशोधन’ हे पुस्तक झाले. नावातला ‘सत्यशोधन’ हा शब्द नीट वाचा. २४ सप्टेंबर १८७३ रोजी याच पुण्यात जोतिरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तेव्हा त्यांना जे अभिप्रेत होते, तेच या तरुणाने केले. बदनामी करणाऱ्याला शिवी दिली तर ती दोन दिवसांत विरते. त्याचे विधान खोटे पाडणारा कागद समोर ठेवला तर तो कायमचा राहतो.

येथे एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. पुरावा मागितला जातो तो कोणाकडे? शनिवारवाड्याच्या कथेला कोणी पुरावा मागत नाही. देवळात पुराण सांगणाऱ्या बुवाला कोणी खंड आणि पान विचारत नाही. परंतु सावित्रीमाईंवर शेणगोळे फेकले गेले असे आम्ही म्हटले की लगेच चष्मे पुढे सरकतात आणि प्रश्न येतो, ‘आधार काय?’ सिद्ध करण्याची जबाबदारी, कायद्याच्या भाषेत सिद्धिभार, तो नेहमी आमच्याच खांद्यावर. हा अन्याय आहे, यात शंका नाही. पण अन्याय आहे म्हणून ओझे खाली टाकून चालत नाही, कारण खटला मग एकतर्फी निकाली निघतो. नरके सरांनी हे ओझे आनंदाने उचलले. सावित्रीमाईंचे अस्सल छायाचित्र कोणते आणि ते आपल्यापर्यंत कसे पोहोचले याचीसुद्धा हकीगत त्यांनी शोधून मांडली. आज शाळाशाळांत आणि कचेऱ्यांत माईंची तसबीर लागते. त्या तसबिरीमागे किती लोकांची पायपीट आहे, हे हार घालणाऱ्याला ठाऊक नसते.

विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या साहित्याच्या बाबतीत सरांचे ऋण तर आणखी मोठे. १४ एप्रिल १९७९ रोजी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या कामासाठी वसंत मून यांनी हाडाची काडे केली. त्यांच्याही आधी चांगदेव खैरमोडे यांनी एकहाती बाबासाहेबांचे खंडामागून खंड चरित्र लिहिले आणि त्यासाठी आयुष्य वेचले. १ एप्रिल २००२ रोजी मून साहेब गेले, तेव्हा हे काम आता थांबणार अशी भीती अनेकांना वाटली. ते थांबले नाही. १७ व्या खंडापासून पुढच्या खंडांच्या संपादकांत हरी नरके हे नाव दिसते. बाबासाहेबांचा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांत, मराठी नियतकालिकांत, पोलीस दप्तरांत, पत्रव्यवहारात विखुरलेला. तो वेचून, ताडून, तारीखवार लावून छापायचा हे काम संयमाचे आहे, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. आज आम्ही कोर्टात किंवा सभेत बाबासाहेबांचे वाक्य खंड-पृष्ठासह सांगू शकतो, ते या खैरमोडे-मून-नरके परंपरेमुळे. खुद्द बाबासाहेबांनी १९४६ साली आपला ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ महात्मा फुल्यांना अर्पण केला होता. फुल्यांचा अभ्यासक बाबासाहेबांच्या खंडांचा संपादक व्हावा, हा त्या अर्पणपत्रिकेला मिळालेला न्यायच म्हटला पाहिजे.

हे काम पुढे किती रखडले तेही सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातील बातमीवरून बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या छपाईची स्वतःहून दखल घ्यावी लागली. संविधानाच्या शिल्पकाराचे ग्रंथ छापा, हे सरकारला न्यायालयाने सांगावे! संपादन करणारी माणसे मिळतात, निधी मंजूर होतो, तरीही पुस्तक वाचकाच्या हातात पडत नाही. यात चळवळीचा दबाव कुठे कमी पडला, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता भिडे वाड्याकडे वळू. पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर हा वाडा होता. १८४८ साली जोतिराव-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली ती येथे. गणपतीच्या दर्शनाला रोज हजारोंची रांग लागते. त्या रांगेत उभ्या असलेल्या मायबहिणी मोबाईलवर शुभेच्छा वाचतात, मुलींच्या परीक्षेसाठी नवस बोलतात. पण आपल्या मुलीच्या हाती पाटी-पेन्सिल ज्या दाराने आली ते दार आपल्या पाठीमागेच आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. वाडा पडत चालला होता, दुकाने चालू होती, आणि महानगरपालिका विरुद्ध गाळेधारक असा खटला वर्षानुवर्षे न्यायालयात पडून होता. नरके सर हा प्रश्न सतत मांडत राहिले. ते गेले ऑगस्टमध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने गाळेधारकांच्या याचिका फेटाळून जागा रिकामी करण्यास सांगितले, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीत महापालिकेने जागा ताब्यात घेऊन मोडकळीला आलेला वाडा उतरवला. चार महिने! अवघे चार महिने सर आणखी असते, तर हा निकाल त्यांनी डोळ्यांनी पाहिला असता.

तेथे राष्ट्रीय स्मारक उभारायचे ठरले आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु दगड-सिमेंटचे स्मारक काय सांगणार, हा खरा प्रश्न आहे. भिंतीवर नुसते दोन पुतळे आणि एक कोनशिला लावून कोणाचे समाधान होणार? तेथे मुक्ता साळवेचा निबंध हवा. जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेथे १६ नोव्हेंबर १८५२ च्या विश्रामबाग वाड्यातील सत्काराची हकीगत हवी. १८८२ साली हंटर आयोगासमोर जोतिरावांनी दिलेली साक्ष हवी. आणि ज्यांचा हा वाडा होता त्या तात्यासाहेब भिड्यांचे नावही हवे, सदाशिवराव गोवंड्यांचे हवे. होय, ते ब्राह्मण होते. जोतिरावांना साथ देणारे ब्राह्मण मित्र होते, हे पुरावा सांगतो, आणि नरके सर ते भर सभेत सांगत. काहींना ते रुचत नसे. परंतु जो पुरावा आपल्याला सोयीचा तेवढाच दाखवतो आणि गैरसोयीचा दडवतो, त्याच्यावर न्यायाधीश विश्वास ठेवत नाही. आपल्या पुढच्या पिढ्याही ठेवणार नाहीत.

सरांची उणीव सर्वांत जास्त जाणवली ती जानेवारी २०२५ मध्ये. दिल्लीच्या एका नामवंत पत्रकाराने जाहीर केले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी कोणी बाई नव्हतीच. देशभर गदारोळ झाला. एक बाजू म्हणे, सगळेच खोटे. दुसरी बाजू म्हणे, शंका घेणाराच मनुवादी. अशा वेळी एका शांत आवाजाची गरज होती. कागद काय म्हणतो? १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीमाई जोतिरावांना लिहिताना फातिमाचा उल्लेख करतात. आपल्या गैरहजेरीत कामाचा भार तिच्यावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा तो उल्लेख आहे. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे. म्हणजे त्या पत्रकाराच्या जन्माच्या कितीतरी आधी फातिमा सावित्रीमाईंच्या सोबत काम करीत होती. एवढे या पत्राने शाबीत होते. तिची जन्मतारीख, तिच्या आयुष्याचा तपशील हे त्या पत्राने शाबीत होत नाही, त्यासाठी आणखी शोध घ्यावा लागेल. जेवढा कागद तेवढेच विधान. ही शिस्त पाळली असती तर आपल्या माणसांना ऐन वेळी गडबडून जायची पाळी आली नसती. फातिमाला नाकारणे हा जसा अन्याय, तसेच तिच्याभोवती कल्पनेचा मुलामा चढवणे हाही तिच्यावर अन्यायच.

आणखी एक गोष्ट सरांना पाहायला मिळाली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी २०१२ साली प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती, आणि तिच्या अहवालाच्या कामात नरके सरांचा मोठा वाटा होता. तेथेही त्यांची पद्धत तीच. मराठी ‘अमृताशी पैजा जिंकणारी’ आहे असे अभिमानाने म्हणून दिल्ली ऐकत नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला शिलालेख दाखवावा लागतो. त्यात ‘महारठी’ आहेत. कार्ल्याच्या लेण्यांतही महारठींनी भिक्खूसंघाला दिलेल्या दानाचे लेख आहेत. ज्या भाषेवर काहींनी मालकी सांगितली, तिच्या प्राचीनतेच्या खुणा सापडतात त्या बुद्धाच्या लेण्यांत! योगायोग असा की मराठीबरोबर त्याच दिवशी पाली भाषेलाही हा दर्जा मिळाला. या दिवशी सर असायला हवे होते.

सरांशी सगळ्यांचे सगळेच पटत होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे राजकीय व्यासपीठ आंबेडकरी कार्यकर्त्यांना नेहमी मानवले नाही. आरक्षणाच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेल्या भूमिकांवर वाद झाले, टीका झाली. ते स्वतःही कोणाची भीड बाळगत नसत. परंतु मतभेद असणाऱ्यालाही त्यांचा संदर्भ घ्यावा लागे, हे त्यांच्या अभ्यासाचे यश होते. विरोधकाच्या वकिलाने आपलाच दस्त वापरावा, याहून त्या दस्ताचा मोठा गौरव कोणता?

आपल्या समाजाची एक सवय मात्र येथे बोलून दाखवली पाहिजे. २०२० साली सोनी मराठी वाहिनीवर ‘सावित्रीजोती’ ही मालिका आली. तिच्यामागे सरांचे संशोधन होते. घराघरांत फुले दांपत्य रोज संध्याकाळी पोहोचले असते. पण पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही आणि मालिका आवरती घ्यावी लागली. ११ एप्रिलला डीजे लावणारे, ३ जानेवारीला स्टेटस ठेवणारे आपण लाखोंनी आहोत. त्यांतल्या निम्म्यांनी रोज अर्धा तास टीव्हीसमोर बसायचे ठरवले असते तर? जयंती साजरी करणे सोपे, जोतिरावांना समजून घ्यायला वेळ काढणे कठीण. सरांचे सारे आयुष्य हा कठीण भाग लोकांच्या गळी उतरवण्यात गेले.

मग आता करायचे काय? सरांच्या नावाने पुरस्कार सुरू होतील, सभागृहांना नाव देण्याच्या मागण्या होतील. होऊ द्या. आम्ही मात्र आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात एक कलम होते, ९० वे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते ९२ वे कलम म्हणून कायम आहे. दस्त तीस वर्षांहून जुना असेल आणि तो योग्य ताब्यातून आलेला असेल, तर न्यायालय तो अस्सल आहे असे गृहीत धरू शकते. ‘योग्य ताबा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कागद जेथे असायला हवा तेथूनच तो आला पाहिजे.

आमच्या इतिहासाचा योग्य ताबा कोणाकडे आहे? पुण्यात १९२९ साली पर्वतीच्या मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. त्यात दगड खाल्लेल्यांची नातवंडे आज याच शहरात राहतात. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली येथून ‘सोमवंशीय मित्र’ काढले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्या दिवशी तेथे हजर असलेल्या माणसांच्या घरात एखादा फोटो, एखादे हँडबिल, एखादी पावती असणारच. ते सारे आहे कुठे? माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. आणि आज आमच्या वस्त्या पुनर्वसनात पाडल्या जात आहेत. सातव्या मजल्यावरच्या छोट्या घरात पेटीला जागा नसते. म्हातारा वारला की पेटी भंगारवाल्याकडे जाते, आणि त्या पेटीतून ‘जनता’चा अंक, ‘प्रबुद्ध भारत’चा अंक, समता सैनिक दलाचे ओळखपत्र, धम्मदीक्षेच्या वेळची वही किलोच्या भावाने विकली जाते. उद्या कोणी विचारील, आधार काय? तेव्हा आधार रद्दीत गेलेला असेल.

म्हणून प्रत्येक विहाराने एक कपाट ठेवावे. त्याला कुलूप असावे, एक नोंदवही असावी. कोणत्या घरातून कोणता कागद आला, कोणत्या तारखेला आला, आणणाऱ्याचे नाव काय, हे लिहावे. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यावर कागदाचा फोटो काढून ठेवावा, मूळ कागद प्लास्टिकमध्ये न कोंबता कोरड्या जागी ठेवावा. ऐंशी वर्षांच्या आजीला रविवारच्या वंदनेनंतर बसवून बोलते करावे आणि ते रेकॉर्ड करावे. तिने स्वतः पाहिलेले वेगळे लिहावे, ऐकलेले वेगळे लिहावे. याला पीएच.डी. लागत नाही. दहावी शिकलेली पोरगी हे काम उत्तम करील. पुण्यातल्या विहारांनी एवढे एक वर्ष केले तरी या शहराचा असा इतिहास गोळा होईल की कुठल्याही व्याख्यानमालेला तो टाळता येणार नाही.

हरी नरके यांच्यासारखा वक्ता पुन्हा कधी होईल ते सांगता येत नाही. परंतु तो होईल तेव्हा त्याला बोलायला कागद लागतील. ते सांभाळून ठेवणे आपल्या हातात आहे. येत्या रविवारी माळ्यावरची पेटी खाली काढा.

जय जोती! जय भीम!